बोलका दांडा

हर्षल आहेरला कोणाचं काही अडलेलं बघवत नाही. लोक याला गुण म्हणतात; त्याच्या बायकोला, सायलीला विचारलं तर रोग. शेजाऱ्याचं गेट करकरलं की हा तेलाची बाटली घेऊन हजर, आणि शेजारी चप्पल घालून बाहेर येईपर्यंत बिजागरी उघडून मोकळा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे तो कारखान्यांना फिक्स्चर बनवून देतो. फिक्स्चर म्हणजे, मशीनवर काम चालू असताना वस्तू तसूभरही हलू नये म्हणून तिला चहूबाजूंनी घट्ट धरून ठेवणारं साधन. माणसाचा धंदा त्याच्या स्वभावाला शोभावा तर असा.

त्याची बहीण आरोही त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई-वडील देवळ्याजवळच्या गावी शेती बघतात; आरोही अकरावीपासून नाशकात, दादा-वहिनीकडे. तिला सायकल हर्षलने शिकवली, स्कूटर हर्षलने शिकवली, कॉलेजच्या प्रयोगवहीतल्या आकृत्या तर बाईंनी ओळखाव्यात इतक्या हर्षलच्या होत्या. विमान चालवायचं खूळ मात्र तिचं स्वतःचं. घरात कोणी त्या वाटेला गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे दादाला काही शिकवता येईना, आणि ते त्याला जरा लागलंच होतं.

दिवाळी झाली आणि आरोही बॅग घेऊन घरी आली. चेहरा असा, की सायलीने काही न विचारता आधी पोळ्या टाकल्या. जेवणं झाल्यावर तिने सांगितलं. खानदेशात माळावरच्या ज्या धावपट्टीवर ती शिकत होती, तिथे तिच्या बरोबरीची सगळी मुलं एकेकटी विमान उडवून आली होती. ती सोडून. चढणं छान, वळणं छान, आणि उतरताना दरवेळी माती. जमीन जवळ आली की विमानाचं नाक हळूहळू उचलायचं असतं, म्हणजे चाकं अलगद टेकतात. आरोहीला जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटायची. मूठ आवळायची, आणि दोन पायांच्या मधली ती स्टिक ती हिसका मारून मागे ओढायची. विमान उतरायचं सोडून उसळायचं, वर त्याचा वेग संपायचा आणि ते दाणकन खाली यायचं. शेजारच्या सीटवरचे घुमरे सर प्रत्येक वेळी स्टिक आपल्या ताब्यात घ्यायचे.

"मग शेवटी काय म्हणाले?" हर्षलने विचारलं.

"म्हणाले, महिनाभर घरी जा. डोकं शांत करून ये. आलीस की मी शेजारी बसेन, पण गप्प बसेन. तेव्हाही मला मध्ये पडावं लागलं, तर कोर्समधून नाव काढावं लागेल." आरोहीने ताटातली कोर बोटाने इकडून तिकडे केली. "चूक नाही त्यांची. मी कोणालातरी मारीन अशाने."

गावाहून वडिलांचा, सावळीरामांचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी चढती बरोबर, उतरायलाच अडती ना? आपल्या ट्रॅक्टरचं बी घाटात तेच हाय. व्हईल." एवढं बोलून त्यांनी कांद्याच्या रोपांचा विषय काढला. हर्षलला असं विषय बदलणं जमत नाही. तो उठून आरोहीच्या खोलीत गेला.

तिथे लॅपटॉपवर विमान उडवायचा सिम्युलेटर होता आणि त्याला जोडलेला एक प्लॅस्टिकचा जॉयस्टिक. "यावर कर की सराव," हर्षल म्हणाला.

"हा मुका आहे, दादा."

मग तिने समजावलं. खऱ्या विमानाची स्टिक हाताशी बोलते. वेगात असलं की वारा शेपटीवर दाबतो आणि स्टिक घट्ट होते. वेग उतरला की सैल पडते. विमान हवेत तरंगायचं सोडणार असेल तर आधी थरथरते. हा प्लॅस्टिकचा दांडा आत स्प्रिंग असल्यामुळे कायम एकसारखा. आभाळात असो की जमिनीवर, त्याला काही सोयरसुतक नाही.

हर्षलने तो दांडा हलवून पाहिला. "म्हणजे स्प्रिंगच्या जागी मोटारी पाहिजेत," तो म्हणाला. बहिणीच्या दुःखाला स्क्रू कुठे लागतो ते त्याला सापडलं होतं, आणि त्याला एकदम बरं वाटलं.

मोटारी म्हटलं की शाहनवाज. वडाळा नाक्याजवळ त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. घराणं मूळचं मालेगावचं, यंत्रमागवाल्यांचं. माग सोडून तो मोटारींकडे वळला. जळलेली मोटर नुसत्या वासावरून ओळखतो असं तो स्वतः सांगतो आणि निम्म्या वेळा चुकतो. हर्षलने चित्र काढून दाखवलं तसा तो म्हणाला, "भाई, म्हणजे दांड्याला जीव घालायचा. करू की. पण भंगारातल्या वायपरच्या मोटारी घेऊ नको, त्यांच्या गिअरमध्ये बारीक थरथर मरून जाते. वॉशिंग मशीनची चपटी मोटर घे."

पण जोर किती ठेवायचा? इथे आहेर घराण्याला शोभेल अशी गोष्ट घडली. हर्षलने गावाहून कांद्याचं बी तोलायचा ताणकाटा मागवला आणि गाडी काढून थेट आरोहीच्या विमानशाळेत गेला. घुमरे सरांना हसू आवरेना, पण त्यांनी परवानगी दिली. हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, उभ्या असलेल्या विमानाच्या स्टिकला काटा अडकवून हर्षलने पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे ओढून जोर मोजला आणि त्या मापाबरहुकूम दांडा तयार केला. दोन मोटारी, दोन पट्टे, खाली लोखंडी चौकट, वर हाताला बसेल अशी लाकडी मूठ, आणि बसायला जुन्या गाडीची सीट. सिम्युलेटर वेग आणि उंची सांगणार, कंट्रोलर बोर्ड त्यावरून मोटारींना जोर देणार. काम असं देखणं झालं की शेजारच्या गाळ्यातले लोक बघायला आले.

आरोही सीटवर बसली, मूठ धरली, आणि खदखदून हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

"दादा, हे उभं विमान आहे! हँगरमध्ये वारा कुठला? काट्यावर तू नुसतं लोखंड तोललंस."

हर्षलचं तोंड बघण्यासारखं झालं. शाहनवाज तर मान खाली घालून पाना शोधायला लागला, तो बराच वेळ सापडेना.

मग मापं राहिली बाजूला आणि आरोहीच्या शब्दांवर काम सुरू झालं. वेगात असताना कशी? "मळलेल्या कणकेसारखी. दाबली तर जाते, पण तिच्या मनाने." उतरताना? "ताकात रवी फिरवल्यासारखी." हर्षल आकडे बदलायचा, ती डोळे मिटून मूठ हलवायची आणि नाही म्हणायची. एक दिवस गेला मोटारीतल्या चुंबकांपायी. दांडा सरकताना हाताला खाचा लागायच्या. शाहनवाज म्हणाला, "चुंबक आहे, चिकटणारच. स्वभाव आहे त्याचा." शेवटी हर्षलने प्रत्येक खाच शोधून बोर्डाला शिकवलं, की इथे खाच आहे, इथे तेवढाच उलटा जोर लाव. त्यानंतर आरोहीने मूठ धरली आणि डोळे मिटून ती पुढे-मागे हलवत राहिली. दांडा वेगात घट्ट होत होता, हळू झाल्यावर सैल पडत होता. "अगदी असंच, दादा," ती म्हणाली. हर्षलला वाटलं, संपलं काम.

संपलं नव्हतं. आता दांडा खऱ्यासारखा झाला, म्हणून आरोही उतरायलाही खऱ्यासारखीच लागली. जमीन आली की मूठ आवळायची, हिसका, उसळी आणि दाणकन. स्पीकरमधून चाकं मोडल्याचा आवाज यायचा आणि दांडा तिच्या हाताला धक्का द्यायचा. दोन दिवस हर्षलने हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती सीटवरून न बोलता उठली आणि वर्कशॉपच्या मागे जाऊन रडून आली. डोळे धुऊन आली होती, तरी कळायचं ते कळलं.

आणि हर्षलचा हात शिवशिवला.

मोटारी होत्याच. उंची किती, वेग किती, सगळं बोर्डाला कळत होतं. विमान अगदी नीट उतरताना स्टिक कशी मागे यायला हवी, ते त्याने सिम्युलेटरमधूनच काढलं आणि बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये एक छोटा भाग घातला. शेवटच्या वीस फुटांत मोटारींनी दांडा त्या वळणावर हळूच न्यायचा. हिसका आला तर अडवायचा. या भागाला त्याने नाव दिलं 'आधार', आणि ठेवला दहा टक्के. आरोहीला सांगितलं नाही. सांगितलं तर तिचं मन त्याच्यावरच विसंबेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. माणूस शहाणा असला की स्वतःला फसवायला कारणंही शहाणी सापडतात.

दहा टक्क्यांनी उसळी कमी झाली. त्याने वीस केले. ती म्हणाली, "दादा, आज जरा जमलं रे." तो आनंद बघून त्याने पस्तीस केले. पुढच्या आठवड्यात आरोही विमान असं उतरवायला लागली की चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा येऊ नये. ती नीट जेवायला लागली. सायलीला घेऊन गंगापूर रोडला मिसळ खायला गेली. तिने घुमरे सरांना फोन करून, येत्या सोमवारी येते, असं कळवूनही टाकलं. हर्षल रोज उठून ठरवायचा की आजपासून टक्के कमी करायचे, आणि तिचा चेहरा बघून उद्यावर ढकलायचा.

सोमवारच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सुट्टी होती, सायलीही डबा घेऊन वर्कशॉपवर आली होती. शाहनवाज मोटर तापते का ते बघायला आला आणि सीटवर डोळा ठेवून म्हणाला, "जरा बसू का?"

आरोहीने हौसेने त्याला बसवलं. समोर धावपट्टी, विमान सरळ उतरतंय, तिथून खेळ सुरू केला. "काही करायचं नाही शाहनवाजभाई, फक्त सरळ ठेवा. शेवटी मी सांगते." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोण्या गिऱ्हाइकाची पाण्याची मोटर पुन्हा जळली होती. शाहनवाजने डाव्या हाताने फोन कानाला लावला आणि उजव्या हाताची दोन बोटं दांड्यावर ठेवून भांडायला लागला. "अहो, विहिरीत पाणी नसताना चालवली तर मोटर काय करणार? नाही नाही, तुम्ही ऐका..." आरोही काही सांगायच्या आत विमान लोण्यासारखं धावपट्टीवर टेकलं.

शाहनवाजने फोन खाली केला. "उतरलं? अरे वा, मैं तो पायलट हो गया!"

सायलीने टाळ्या वाजवल्या. आरोहीने वाजवल्या नाहीत.

"शाहनवाजभाई, परत एकदा. जमीन आली की हात काढून घ्या."

"कशाला," हर्षल घाईने म्हणाला, "मोटर तापली असेल."

"कुठे तापली? बर्फ आहे," शाहनवाज मोटारीवर हात ठेवून म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

विमान खाली आलं. शाहनवाजने दोन्ही हात वर केले. दांडा आपला आपण मागे सरकला, सावकाश, अगदी वळणदार, आणि चाकं टेकली. सगळे त्या दांड्याकडे बघत राहिले.

"दादा, हे काय आहे?"

"थोडा आधार आहे."

"थोडा म्हणजे किती?"

हर्षलने सायलीकडे पाहिलं. तिथून काही मदत नव्हती. "साठ टक्के," तो म्हणाला.

आरोही खाली बसली. रागावेल असं वाटलं होतं. तिचा आवाज मात्र अगदी बारीक निघाला. "म्हणजे इतके दिवस मी गिरवत होते."

घरातल्यांना वेगळं सांगायला नको होतं. लहान मुलाला पाटीवर अक्षर काढून देतात आणि त्यावरून पेन्सिल फिरवायला लावतात, ते गिरवणं. आरोही चार वर्षांची असताना हर्षल सुट्टीला गावी गेला की तिला मांडीवर घेऊन गिरवायला बसवायचा. आणि नुसतं गिरवून त्याचं समाधान होत नसे, तो तिचा हात आपल्या हातात धरून फिरवायचा. अक्षर सुरेख यायचं. मग ती बालवाडीत गेली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी आईला बोलावून घेतलं. पोरगी पाटीवर पेन्सिल टेकवून नुसती बसून राहते. का लिहीत नाहीस विचारलं तर म्हणते, माझा हात कोण धरणार? आई ही गोष्ट आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, आणि सगळ्यांत जास्त हर्षलच हसायचा.

आत्ता तो हसला नाही. "तुला सवय लागावी म्हणून केलं गं," तो म्हणाला.

"लागली ना सवय. तुझ्या हाताची." ती उठली. "सोमवारी शेजारी घुमरे सर असतील. आणि त्यांनी हात लावला की माझं संपलं."

ती रिक्षा करून घरी गेली. शाहनवाजने पाने पिशवीत भरले, पिशवी उचलली, परत ठेवली. "भाई, मैं फोन पे था," तो म्हणाला, जणू सगळा दोष त्या फोनचाच होता. सायलीने डबा उघडलाच नाही. हर्षलला लाज वाटली, सरळ लाज. बहिणीचं रडू त्याला बघवलं नव्हतं एवढंच. आणि त्यापायी त्याने तिचे उरलेसुरले दिवस खाऊन टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोही वर्कशॉपवर त्याच्या आधी हजर. "तो भाग काढून टाक. शून्य टक्के करू नकोस, काढूनच टाक. शून्य केलास तर तू परत वाढवशील."

खरं होतं. त्याने तिच्यासमोर तो सगळा भाग प्रोग्रॅममधून पुसला. आरोही बसली. पहिल्यांदा उतरवताना विमान असं आपटलं की बाहेर लेथवरचा कामगार बघायला आला. हर्षल एक पाऊल पुढे झाला.

"दादा, बाहेर."

"मी नुसता उभा—"

"नुसता उभा राहतच नाहीस तू. बाहेर."

तो बाहेर येऊन लेथपाशी बसला. आतून दाणकन आवाज यायचा, की याचा जीव कासावीस. एका कारखान्याचं साधं काम हातात होतं, तेही त्याने बिघडवलं. दुपारी सायलीने फोन केला, त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीनचा आधार काढलास ना? आता स्वतःचा काढ." त्या दिवशी तो पुन्हा दाराशी गेला नाही.

असे तीन दिवस गेले. दाणकन, दाणकन, मध्येच एखादी शांतता, पुन्हा दाणकन. चौथ्या दिवशी आतून हाक आली. "दादा, मागचा पट्टा सैल करून दे."

हर्षल धावलाच. "किती? का? काही घासतंय का? मी असं करतो, बेअरिंगच—"

"पट्टा. एवढाच. मी सांगेन तिथे थांब."

त्याने पाना घेतला आणि बोल्ट फिरवायला लागला. ती मूठ धरून बसली होती. "अजून. अजून थोडा. बास." पट्टा त्याच्या मते फारच ढिला राहिला होता; अशा पट्ट्याने मशीन कुठल्याही गिऱ्हाइकाला दिलं नसतं. पण तो थांबला.

"घट्ट पट्टा बारीक थरथर खाऊन टाकत होता," आरोही म्हणाली. "जमीन जवळ आली की स्टिक सैल होत जाते, आणि किती सैल झाली त्यावरून कळतं आता किती ओढायचं. मुठीत धरलं की ऐकूच येत नाही."

हर्षलने तिच्या हाताकडे पाहिलं. मूठ नव्हतीच. अंगठा आणि दोन बोटं लाकडाला टेकली होती, आणि बोटांची टोकं पांढरी पडलेली नव्हती. आवळून धरणाऱ्याला ही थरथर कधी लागलीच नसती. तिला ती हवी होती म्हणून तिने पट्टा सैल करायला सांगितला. हे त्याला आत्ता, पाना हातात असताना कळलं. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तो म्हणाला, "बरं," आणि बाहेर गेला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. शनिवारपर्यंत दहातली तीन उतरणं वाईटच होती. तिने ती लपवली नाहीत, आणि हर्षलनेही त्यावर उपाय सुचवला नाही. आतापर्यंतच्या आयुष्यात त्याने केलेलं हे सगळ्यात अवघड काम असावं.

सोमवारी तो गाडीने तिला सोडायला गेला. "ये, पण तारेच्या बाहेर राहा," ही तिची अट. शाहनवाज दुकान बंद ठेवून बरोबर आला. इतकं सगळं त्याच्या एका फोनमुळे घडलं, तेव्हा शेवट बघायचा त्याला हक्क होता. दोघं धावपट्टीच्या काटेरी कुंपणापाशी, बाभळीच्या सावलीत उभे राहिले. आत फाटकाजवळ फकिरा नावाचा वयस्कर पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. त्याने वर्षानुवर्षं पोरांना चढता-उतरताना पाहिलेलं.

विमान आरोही आणि घुमरे सरांना घेऊन वर गेलं, माळावरून गोल फिरलं आणि खाली आलं. फार पुढे जाऊन टेकलं, पण टेकलं. "लांबलं," फकिरा म्हणाला. दुसऱ्या फेरीत जमिनीजवळ येऊन विमान डोललं, आणि न टेकताच इंजिनाचा आवाज चढवून परत वर गेलं. "सरांनी घेतलं का हातात?" हर्षलने विचारलं. फकिराने खांदे उडवले. बाहेरून ते दिसत नसतंच. तिसऱ्यांदा ती बरी उतरली.

मग विमान धावपट्टीच्या कडेला थांबलं. दार उघडलं आणि घुमरे सर एकटेच खाली उतरले. दार लावून घेतलं आणि पाठ फिरवून चालायला लागले.

"मास्तर पैदल निकल गया," शाहनवाज हळूच म्हणाला.

हर्षलला वाटलं, झालं. दुसऱ्या फेरीला त्यांनी हात लावला असणार. इतके वैतागले की विमान नेऊन लावेपर्यंतही थांबले नाहीत. ती आत एकटी बसून रडत असेल. फाटकातून आत सोडतील का, तिच्याशी काय बोलायचं, सगळं त्याच्या डोक्यात एकदम सुरू झालं. तो निघालासुद्धा.

"कुठं निघालात?" फकिरा म्हणाला. "आता एकटी जाईल ना ती. पास झाली की मास्तर असाच उतरतो. थांबा, बघा."

विमान वळलं. धावपट्टीच्या टोकाला गेलं, आणि शेजारची सीट रिकामी घेऊन उडालं. हर्षल कुंपणाची तार धरून उभा राहिला. विमान लहान झालं, माळाच्या पलीकडे वळलं, परत मोठं व्हायला लागलं. आता वर ना घुमरे सर होते, ना बोर्ड, ना कोणाचे टक्के.

चाकं टेकली आणि विमान उसळलं.

शाहनवाजच्या तोंडून "या अल्ला" निघालं. उसळलेलं विमान क्षणभर हवेत थांबल्यासारखं दिसलं. त्याच जागेवर आरोही आजवर प्रत्येक वेळी हिसका द्यायची. नाक वर गेलं नाही. होतं तिथेच राहिलं, इंजिनाचा आवाज किंचित वाढला, आणि विमान दुसऱ्यांदा टेकलं, ते टेकूनच धावत गेलं.

"एक टप्पा खाल्ला," फकिरा खुर्चीतून उठत म्हणाला, "पण सावरलं पोरीनं."

शाहनवाजने हर्षलला पाठीमागून मिठी मारली. "भाई, आपला दांडा! आपल्या दांड्याने केलं बघ!"

"नाही रे," हर्षल म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते लपवत नव्हता. "यात आपला काही हात नाही."

बऱ्याच वेळाने आरोही कुंपणापाशी आली. बरोबरीच्या पोरांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर बादली ओतली होती. केसांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

"टप्पा बघितलास ना दादा?"

"बघितला." वेग जरा जास्त होता, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"मी काहीच केलं नाही तेव्हा. नुसतं धरून ठेवलं, हलकं." तिचं लक्ष तारेवरच्या त्याच्या हातांकडे गेलं. दोन्ही तळव्यांना काटे रुतले होते, एका मनगटावरून रक्ताचा ओघळ उतरला होता. "अरे, हे काय करून घेतलंस?"

हर्षलने हात पाहिले. त्यालाही ते आत्ताच दिसत होते.

"काही नाही गं," तो म्हणाला. "तू उतरवत होतीस, आणि इथे मी ओढत होतो."